आत्यांच्या खोलीची लूट

आमच्या घरात आतून कडी असलेलं दार एकच होतं, मोरीचं. बाकीच्या सगळ्या दारांना कड्या बाहेरून. घर बांधलं तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही, की माणसाला आत बसून दार लावावंसं वाटेल. दार लावायचं ते सगळी शेतावर निघाली की, आणि तेही कुत्रं आत शिरू नये म्हणून.

हे माझ्या लक्षात आलं ते सासूबाईंमुळे. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. दिवाळी झाली होती, भात झोडून झालं होतं, आणि एका दुपारी आत्या कुठे दिसेनात. सोप्यात नाहीत, चुलीपाशी नाहीत, गोठ्यात नाहीत. शेवटी परसात, पेंढ्याच्या गंजीआड सापडल्या. गंजीला पाठ टेकून, पाय लांब करून नुसत्या बसल्या होत्या.

"हितं काय करताय?" मी विचारलं.

"काय न्हाई. कुणी हाक मारंस्तवर बसलीया."

"मग मारली की मी."

"व्हय, मारलीस," असं म्हणून त्या उठायला लागल्या. मी त्यांना बसवलं आणि शेजारी बसले. मग त्या आपसूक बोलत्या झाल्या. "लगीन करून आले तवा जावांच्या रांगेत निजायचे. मग पोरांच्या घोळक्यात. आता सोप्यात, त्या टीवीच्या म्होरं. येणारा-जाणारा माज्या पायाला पाय लावून जातोय. मोरीला आतून कडी हाय, पर तितं किती येळ बसणार? मला एक खोली पायजे. दार मीच लावीन आन् मीच उघडीन."

ऐकून मला लगेच राग आला. मला तसा राग लवकर येतो, पण या वेळी कारण होतं. खोली घरात होतीच. मधली, डोंगराकडे खिडकी असलेली, उन्हाळ्यातही गार राहणारी. पण तिची फरशी कुठल्या रंगाची आहे हे घरात कुणाला सांगता आलं नसतं. तिला आम्ही लग्नाची खोली म्हणायचो, कारण तिच्यातलं सगळं लग्नांतून आलेलं किंवा लग्नासाठी ठेवलेलं. छताला टेकलेल्या गाद्या. एकात एक बसवलेली पातेली. पराती, समया, पाळणा, तांब्याचं घंगाळ. खोक्यातून कधीही न निघालेले लेमन सेट. भिंतीवरची घड्याळं, जी भिंतीवर कधीच लागली नाहीत. आणि साड्या, खण, टोप्या, टॉवेल यांचा तर हिशोबच नको. हे सगळं साठवणारं माणूस कोण? स्वतः आत्या.

मी माहेरची पुण्याजवळच्या सूसची. तिथे शेतं जाऊन सोसायट्या उभ्या राहिल्या तेव्हा माझ्या आईने वडिलोपार्जित पसारा एका टेम्पोत घालून रवाना केला आणि फ्लॅटमध्ये गाणं म्हणत शिरली. मी तिची मुलगी. दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याला बोलावलं. आत्या त्या खोलीतल्या पेटीवर जाऊन बसल्या.

"आहेराचं हाय ते. कुणीतरी मानानं दिलेलं. भंगारात घालायचं?"

"मग काय करायचं?"

"आहेर म्हणून आलं, आहेर म्हणून जाईल."

भंगारवाल्याला चहा पाजला. जाताना आत्यांनी त्याला चिंचांची पिशवी दिली आणि तो बिचारा रिकाम्या गाडीने गेला. पण मला त्यांचं म्हणणं पटलं. तुळशीचं लग्न झालं होतं, लग्नसराई तोंडावर होती. आमच्या कोळवणच्या खोऱ्यात माणूस एकदा लग्नाला निघालं की त्याला मांडव कमी पडत नाहीत. मी म्हटलं, ठीक आहे, सगळ्या लग्नांना जायचं.

आणि आम्ही गेलो. जवळच्या लग्नाला गेलो, लांबच्या गेलो, ज्यांची पत्रिका नजरचुकीने आली असावी अशांच्याही गेलो. पौडच्या कार्यालयात एकदा नवऱ्या मुलाच्या आईने मला मिठी मारून विचारलं, "तुमी कुनाकडच्या?" आणि मी तिच्या हातात पातेलं ठेवून म्हटलं, "आपल्याच." आत्या जीपमध्ये पुढे बसायच्या, मी मागे परातींबरोबर, आणि आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, घरी थांबून म्हणायचे, "दोघी येड्या झाल्यात." इतकी मजा मला माझ्या स्वतःच्या लग्नात आली नव्हती. रोज नवी साडी, रोज जिलबी, आणि रोज एक भांडं कमी.

पौष लागला, लग्नं थांबली. मी हौसेने खोली उघडली आणि दार अर्ध्यातच अडलं. खोली आधीपेक्षा भरली होती.

कसं झालं हे कळायला मला उंबऱ्यात बसावं लागलं. आहेर कधी एकटा जात नाही, तो परतीचा आहेर घेऊनच घरी येतो. आम्ही पातेलं दिलं की यजमानीण साडी द्यायची. आम्ही साडी दिली की तिला वाटायचं, एवढ्या लांबून आल्या, म्हणजे भरपेहरावच द्यायला हवा. शिवाय मालकांच्या नावाने टोपी-टॉवेल, शिवाय नारळ. दर संध्याकाळी येऊन मी हे सगळं त्याच खोलीत लोटत होते, कारण दुसरीकडे जागा कुठे होती? वरून आमच्या प्रत्येक आहेराने समोरच्यावर उपकार चढत होता, आणि माझ्या सासरच्या खोऱ्यात उपकार अंगावर कुणी ठेवून घेत नाही.

त्यात एक पोपटी साडी होती. डोळे दिपतील असा रंग. मी ती मोठ्या आनंदाने मुठा गावातल्या एका लग्नात खपवली होती. ती गठ्ठ्यात सगळ्यात वर होती. काठाला आत्यांच्या हळदीच्या बोटाचा ठसा तसाच. मधे किती घरांत मुक्काम करून आली कोण जाणे, पण आली होती माहेरी.

"आता गं?" आत्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी तोपर्यंत खोलीत खाट कुठे ठेवायची ते ठरवलं होतं. डोकं डोंगराकडे की पाय डोंगराकडे यावर आमचे वादही झाले होते. मला रडू यायला लागलं आणि मधेच हसू फुटलं. आत्यांनी आधी माझ्याकडे रागाने पाहिलं, मग त्या पोपटी साडीकडे पाहिलं, आणि त्याही हसायला लागल्या. दोघी उंबऱ्यात बसून इतक्या हसलो की मालक पंप बंद करून बघायला आले.

वाट दाखवली ती शेजारच्या फार्महाऊसवाल्या बाईंनी. या पुण्याच्या, शनिवार-रविवार येणाऱ्या. त्या दूध न्यायला आल्या, अर्धवट उघड्या दारातून त्यांना घंगाळ दिसलं आणि त्या म्हणाल्या, "अय्या, यात काय सुंदर झाड लावता येईल."

"अंगुळीच्या घंगाळात झाड?" आत्या म्हणाल्या. पण मला कुंकू लावायला सांगून, घंगाळात नारळ ठेवून त्यांनी रीतसर दिलं. बाई थँक यू म्हणाल्या, घंगाळ गाडीत घातलं आणि गेल्या.

आम्ही वाट बघितली. त्या आठवड्यात काही आलं नाही. पुढच्या रविवारी बाई दुधाला आल्या त्याही मोकळ्या हातांनी. आत्या हरखून गेल्या.

"लई गुणाची बाई," त्या म्हणाल्या. "काय म्हंजी काय दिलं न्हाई."

पण एक बाई नेऊन नेऊन किती नेणार? असं घेणारी सगळीच माणसं कुठून आणायची, याचा विचार करत मी संक्रांतीचे तीळ भाजत होते. तीळ तडतडत होते आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हळदीकुंकू. वाण. आपल्या अख्ख्या रीतीभातीत हा एकच प्रसंग असा, की बायका मोकळ्या हातांनी येतात, वाण घेऊन जातात, आणि त्याच दिवशी परत काही देत नाहीत. शब्दसुद्धा किती चांगला, वाण लुटायचं. बायका प्लास्टिकच्या वाट्या लुटतात, कंगवे लुटतात. गादी लुटू नये असं कुठे लिहिलंय?

आत्यांना सांगितलं, आणि त्या नादात दोघींनी कढईतले तीळ करपू दिले.

मी वाडीभर फिरून बोलावणं केलं. सांगताना इतकंच म्हटलं, की येताना हातात पिशवी नको, घरातलं दांडगं माणूस बरोबर आणा. बायकांना वाटलं मी चेष्टा करते. संध्याकाळी पहिल्या दोघी आल्या, मी उंबऱ्यात हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि म्हटलं, "वाण आत हाय. आत्या देत्यात." त्या आत गेल्या आणि डोक्यावर गादी घेऊन बाहेर पडल्या. त्यानंतर बोलावणं करायची गरजच उरली नाही.

आत्या खोलीच्या मधोमध उभ्या राहून वाटत होत्या. उगाच समोर येईल ते देत नव्हत्या, माणूस बघून देत होत्या. एकीला घड्याळ दिलं, "तुज्या घरात कुनाला येळ कळत न्हाई." एकीची लेक बाळंतपणाला येणार होती, तिला पाळणा. एकीने लाजत साडी मागितली तर तिला साडीबरोबर परात दिली आणि वर दम दिला, "परतीचं काय आणलंस तर दारात उबी करनार न्हाई." अंगणात नुसती धमाल. बांधावरून गाद्यांची रांग चाललेली, खाली दोन-दोन पाय. मोठी पातेली मालक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घरपोच करत होते. कुरकुरत होते, पण दर खेपेला तिळगूळ खाऊन येत होते. फार्महाऊसवाल्या बाई मोबाईलवर शूटिंग करायला आल्या आणि लेमन सेट घेऊन गेल्या. सगळेच्या सगळे. एकटी पोपटी साडी कुणी नेईना. जी ती म्हणायची, "ही आमच्याकडनं गेल्याली."

दिवे लागले, बायका पांगल्या, आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. मामा, म्हणजे माझे सासरे, गेल्यापासून आत्या हळदीकुंकवाच्या दिवशी मागच्या पडवीत जाऊन बसायच्या, बायका जाईपर्यंत. जा असं त्यांना कुणी म्हणत नव्हतं आणि येऊन बसा असंही कुणी म्हणत नव्हतं, मीसुद्धा नाही. त्या दिवशी त्यांना पडवीत जायला सवडच नव्हती. वाडीतल्या प्रत्येक सवाष्णीने त्यांच्या हातून वाण घेतलं, आणि ते कुणाला जाणवलं असेल तरी गादी सांभाळायच्या नादात बोलायला फावलं नाही. मला फार बरं वाटलं.

पुढे रथसप्तमीपर्यंत मी वाडीतल्या सगळ्या हळदीकुंकवांना जाऊन आले. चहाच्या गाळण्या, साबणाच्या डब्या आणि एक झाडू एवढंच आलं. ते एका टोपलीत मावलं.

खोलीची फरशी लाल निघाली. मी ती दोनदा धुतली. खाट आली, ती शेवटी डोकं डोंगराकडे करूनच ठेवली, म्हणजे वादात मी हरले. मालक पौडच्या बाजारातून पितळी कडी घेऊन आले आणि ती बसवताना विचारत राहिले, "पर आतून कशाला?" खिडकीला पडदा नव्हता, तर आत्यांनी पोपटी साडीचे दोन तुकडे करून टांगले.

मग त्या आत गेल्या. दार लोटलं. कडी नवी, जरा घट्ट होती, दोनदा खटखट झाली आणि सरकली.

आम्ही दोघं बाहेर उभे. घरात एवढं बंद दार आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. मालक कान लावून ऐकायला लागले. त्यांना राहवेना, मला खुणेने म्हणाले, विचार. मी नको नको म्हणत होते, पण खरं सांगायचं तर मलाही राहवत नव्हतं.

"आत्या, काय करताय?"

आत खाट करकरली.

"काय न्हाई," आतून आत्या म्हणाल्या. "तेच करतीया."