वळणावरचे नायना

आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही. समोर नवे भाडेकरू आले की पहिले काही दिवस त्यांना वाटतं, या घरात रोज भांडणं होतात. मग हळूहळू कळतं की आम्ही एकमेकांना फक्त चहा हवा का ते विचारतोय. सोलापूरच्या पूर्व भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या माणसाला हळू बोललेलं ऐकू येत नाही, आणि त्याच्या घरच्यांची हळू बोलायची सवय जाते.

आमचं घर तेलुगू, म्हणून वडिलांना आम्ही नायना म्हणतो. नायना टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे आणि आई तिथंच सुताच्या कांड्या भरायची. माग सुरू असताना शेजारच्याच्या कानाशी ओरडलं तरी उपयोग नसतो. त्यामुळे तिथली माणसं आवाज न काढता, तोंड मोठं उघडून, एकेक शब्द नीट फोडून बोलायची आणि समोरचा ओठांकडं बघून उत्तर द्यायचा. सोबतीला हाताच्या खुणा असायच्या. बोट हवेत गोल फिरवलं की चालू दे. मी लहानपणी डबा द्यायला जायची तेव्हा मला हे मुक्यांचं नाटक वाटायचं आणि हसू यायचं. घरी मात्र सगळे ओरडूनच बोलत, त्यामुळे ती भाषा कारखान्यातच राहिली असं मी धरून चालले.

अशा घरात मी गाणारी निघाले. मी स्वतः गाणी लिहिते, चाली लावते आणि गिटार घेऊन गाते. आमच्याकडं या प्रकाराला काय म्हणावं ते अजून लोकांचं ठरलेलं नाही. टेंभुर्णीजवळच्या एका हुरडा पार्टीत एका सभ्य गृहस्थांनी मला हात जोडून सांगितलं होतं, "ताई, तुमची स्वतःची गाणी झाली असतील तर आता एखादं चांगलं गाणं होऊ द्या की." मी त्यांना हवं ते सिनेमातलं गाणं गायले. हुरडा चांगला होता.

सुरुवातीचे कार्यक्रम अगदी घरगुती असायचे. वाचनालयाची खोली, मैत्रिणीची गच्ची, शाळेचं पटांगण. माईक नसायचा आणि मला त्याची गरजही नव्हती, आमच्या घरातल्या गळ्याला कसला माईक लागतोय. नायना पहिल्या रांगेत मधोमध बसायचे आणि माझ्या तोंडाकडं असे टक लावून बघायचे की माझेच शब्द मला आठवेनासे व्हायचे.

"नायना, जरा मागं बसा की," मी एकदा चिडून म्हटलं.

"मला हितनंच बरं दिसतंय," ते म्हणाले.

पुढं कार्यक्रम मोठे झाले. स्टेज आलं, दिवे आले, माईक आला. नायना दोन-तीनदा आले आणि नंतर यायचे बंद झाले. मी आग्रह केला की म्हणायचे, "आता तुझं मोटं झालंय. माझं काय काम तितं?" आई यायची, शेवटपर्यंत बसायची, घरी जाऊन त्यांना सगळं सांगायची. मला वाटलं, कान पुरते गेले, आता त्यांना नुसतं बसून राहायचा कंटाळा येत असणार. कंटाळ्याबद्दल कुणाला दोष देणार? पण वाईट वाटायचं, आणि ते एका गाण्यामुळं जास्तच वाटायचं.

ते गाणं मी त्याच सुमारास केलं होतं. 'धोटा गेला, धोटा आला, एक दिवस विणून झाला' असं ते सुरू होतं आणि ठेका मागावर सूत घेऊन इकडून तिकडं पळणाऱ्या त्या धोट्याचाच आहे. ते नायनांवर होतं, पण मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. गाण्यात नायना हा शब्द फक्त शेवटच्या कडव्यात येतो, तोवर ते कुठल्याही कामगाराचं वाटतं. त्यांनी ते पहिल्यापासून ऐकत यावं आणि शेवटाला पोचल्यावर त्यांचं त्यांना कळावं, एवढीच माझी इच्छा होती. आधी सांगून टाकलं तर मग राहिलं काय? मला गाण्यातून जे काही मिळवायचं होतं त्यात ही गोष्ट सगळ्यात वर होती, आणि हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

म्हणून पहिले बरे पैसे हातात आल्यावर मी त्यांच्यासाठी कानाचं मशीन आणलं. ते कानात घालून नायना खाटेवर बसले आणि मी समोर गिटार घेऊन बसले. पहिली तार छेडली तसा त्यांचा चेहरा कसनुसा झाला. गल्लीतली रिक्षा, शेजारचा कुकर, आईच्या बांगड्या आणि माझी गिटार, सगळं एकदमच त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. थोडा वेळ त्यांनी दात आवळून सोसलं. मग मशीन काढून माझ्या हातात ठेवलं. "कारखाना परत चालू झाला की गं," म्हणाले, आणि मला वाईट वाटू नये म्हणून हसले. गाणं पहिल्या ओळीतच थांबलं.

त्यानंतर मी पळायला लागले. कर्णबधिर मुलांच्या एका शाळेसाठी आमच्या शहरात दरवर्षी हाफ मॅरेथॉन होते. पळणाऱ्यानं ओळखीच्यांकडून देणगी गोळा करायची, ती शाळेला जाते. नायनांना नाही तर नाही, कुणाला तरी ऐकू येऊ दे, एवढ्याच रागानं मी नाव दिलं. रागच होता तो, कुणावर ते विचारू नका. देणगी मागताना एक शहाणपण आलं: गाण्यासाठी हात आखडता घेणारी माणसं घामासाठी सढळ होतात. मी गाते म्हटल्यावर जे मोबाइलमध्ये बघायचे, ते मी एकवीस किलोमीटर पळणार म्हटल्यावर खुर्ची पुढं ओढायला लागले.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली की ही मॅरेथॉन येते, आणि नेमका तोच हुरड्याचा हंगाम, म्हणजे माझ्या कार्यक्रमांचाही. आदल्या दिवशी केम गावाकडच्या एखाद्या शेतावर गाऊन यायचं आणि सकाळी बूट बांधून उभं राहायचं. पाय दुखतात म्हणून गाणं बसतं आणि घसा बसला म्हणून पळणं बसतं, असं माझं दोन्हीकडून चालायचं. "एक काहीतरी नीट कर," असं सगळ्यांचं सांगून झालं होतं.

पहिल्याच वर्षी पूल उतरून होटगी रोडच्या वळणाला आले तर समोर नायना. कानटोपी घातलेले, सायकल स्टँडवर लावलेली. ते टाळ्या वाजवत नव्हते, हाका मारत नव्हते, नुसते माझ्या चेहऱ्याकडं बघत होते, तसेच टक लावून. मी जवळ आले तसं त्यांनी बोट हवेत गोल फिरवलं. चालू दे. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि पळताना दोन्ही एकदम करू नये हे मला त्या दिवशी कळलं.

पुलापर्यंत माझे पाय बरे चालायचे. पूल उतरला की जड व्हायचे. तिथून मी दरवर्षी धोट्याचं गाणं पहिल्यापासून धरायची. आवाज काढण्याइतका दम कुठला, नुसते ओठ हलवत, पावलं ठेक्यावर टाकत राहायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंही.

नायना दरवर्षी येऊ लागले. दुसऱ्या वर्षी वळणाच्या थोडं पुढं, चहाच्या टपरीपाशी. नंतरच्या वर्षी त्याहून पुढं, एका गॅरेजपाशी. मग एका लांबलचक भिंतीजवळ. मला वाटायचं, ऊन बघून जागा बदलत असतील. "असंच पुढं सरकत राहिलात तर एक दिवस माझ्याआधी पोचून मेडल घेऊन जाल," मी ओरडून चेष्टा केली. ते म्हणाले, "बघू की."

मी मनातल्या मनात वाटणी करून टाकली. गाणं लोकांसाठी, पळणं नायनांसाठी. गाणं त्यांना ऐकू येत नाही, पळताना मी त्यांना दिसते तरी. पटणारी वाटणी होती, आणि मी तिच्यावर बरीच वर्षं समाधान मानून राहिले.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी नायनांना दम लागायला लागला. जिना चढवेना, मग खाटेवरून उठवेना. छातीच्या वॉर्डात ठेवलं. तिथं आत जाणाऱ्या प्रत्येकानं मास्क लावायचा नियम होता. मीही लावायची. एका दुपारी नायना जरा हुशारीत होते. मला वाटलं, आता नाही तर कधी. मी त्यांच्या जवळ वाकले आणि मास्कच्या आतून ते अख्खं गाणं त्यांच्या कानाशी गायले, पहिल्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत. सिस्टर येऊन म्हणाल्या, "मॅडम, बाकीचे पेशंट आहेत." मी गात राहिले.

मधेच नायनांनी हात उचलला. सलाइन लावलेला तो हात हळूहळू माझ्या तोंडापर्यंत आला आणि बोटं मास्कला लागली. मला वाटलं, ते माझ्या गालावरून हात फिरवतायत. मी तो हात दोन्ही हातांत धरला, गालाला लावून ठेवला आणि गाणं पूर्ण केलं. ते माझ्या डोळ्यांकडं बघत राहिले. माझं रडणं बघून असेल, हात त्यांनी सोडवून घेतला नाही. दोन दिवसांनी ते गेले.

दिवस झाले, पाहुणे गेले. घर एकदम मोठं आणि गप्प झालं. आई आणि मी आमनेसामने जेवायला बसलो होतो. आई आमटीत कडक भाकरी चुरत होती. चुरता चुरता सहज म्हणाली, "तुझं ते धोट्याचं गाणं अर्दंच ऱ्हायलं की गं त्यांचं."

"म्हणजे?"

"पळून आलीस की घरी यिऊन मला सांगायचे, आज पोरगी ह्ये म्हणायली होती म्हणून. पहिल्या साली धोटा गेला, धोटा आला. मग दुसऱ्या साली त्याच्या म्होरलं. मला इचारायचे, त्याच्या म्होरं काय हाय? मला कुटं पाट हाय तुझं गाणं. म्हटलं, तिलाच इचारा. तर म्हणायचे, ऱ्हाऊ दे, म्होरल्या साली थोडं म्होरं उबा ऱ्हातो."

"त्यांना कसं कळायचं, मी काय म्हणतेय ते?"

आईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी अगदीच खुळ्यासारखं विचारलंय. "तोंडावरनं की. कारखान्यात काय कानानं ऐकत होतो व्हय आमी?"

"मग कार्यक्रमाला का येत नव्हते?"

"माईक आडवा यायचा. तुजं तोंडच दिसायचं न्हाय त्यांना."

"मग सांगायचं की मला."

"मी म्हटलं हुतं. तर म्हणाले, माज्यासाठी तिनं माईक सोडायचा व्हय? एवडी माणसं येत्यात, त्यांनी काय ऐकायचं? पळताना गाती की, तितं बगतो मी." आई भाकरी चुरत राहिली. भाकरीचा पार भुगा झाला होता तरी तिचा हात थांबत नव्हता.

मला तो वॉर्ड आठवला. तो हात गालासाठी नव्हता. त्यांना मास्क खाली ओढायचा होता. मी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर त्यांचं गाणं गात होते, शेवटच्या कडव्यासकट, आणि तोंड झाकून गात होते. आणि त्यांचा हात मीच धरून ठेवला होता, प्रेमानं. हे आईला मी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. ती दुपार गाण्यानं पुसली जात नाही आणि पळण्यानंही नाही. कुणी म्हणतं, त्यांना प्रेम तर कळलं ना. कळलं असेल. मला त्यांना गाणं पोचवायचं होतं.

आता कार्यक्रमात मी माईक हनुवटीच्या खाली धरते. साऊंडवाला लांबून हातानं सांगतो, जवळ घ्या, आवाज येत नाही. मी घेत नाही. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची रिकामी ठेवावी असं एकदा मनात आलं होतं, पण ते नायनांना आवडलं नसतं. येणाऱ्या माणसाला बसायला जागा पाहिजे.

यंदाच्या मॅरेथॉनला आई म्हणाली, "यिऊ का मी?" मी नको म्हटलं. पूल उतरले आणि गाणं धरलं. वळण आलं, तिथं पहिली ओळ झाली. टपरी आली. गॅरेज आलं. भिंत आली, तिथं गेल्या वर्षी नायना होते आणि तिथपर्यंतचं गाणं त्यांना माहीत होतं. भिंत संपली. पुढं एक मोकळा प्लॉट आहे, कडेला बाभळीचं झाड आणि टाकून दिलेल्या विटा. शेवटचं कडवं बरोबर तिथं सुरू होतं. यंदा ते तिथंच उभे राहिले असते. सायकल त्या बाभळीला टेकवली असती.

मी शर्यतीत कधी थांबत नाही. तिथं थांबले. मागून येणारे बाजूनं पुढं जात होते. एका बाईनं विचारलं, "ताई, पायात गोळा आला का?" मी मान हलवून नाही म्हटलं. मग त्या झाडाकडं तोंड करून, आवाज न काढता, तोंड मोठं उघडून, एकेक शब्द नीट फोडून शेवटचं कडवं म्हटलं. नायना हा शब्द आला तिथं घाई केली नाही.