डावी बाजू डोक्यातून जाईपर्यंत

अमेरिकेत, फ्रिस्कोतल्या आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर लग्नाची पंगत बसली असती, इतका तो रुंद होता. पण चालायला फूटपाथ नव्हता. एकदा मी दूध आणायला चालत निघाले, तर एका गोऱ्या बाईने गाडी थांबवून विचारलं, सगळं ठीक आहे ना? ठीक काय असायचं! कॉलेजात असताना दुचाकीवरून अख्खं नागपूर पालथं घालणारी मी, इथे कोथिंबीर संपली तरी नवरा ऑफिसातून यायची वाट बघत बसायचे. डिपेन्डंट व्हिसावर नोकरीला बंदी होती, ती सरकारची. गाडी चालवायची बंदी मात्र घरची होती.

घरच्या बंदीला कारणही होतं. लेखी परीक्षा पास होऊन मी शिकाऊ लायसन्स मिळवलं आणि पहिल्याच दिवशी वळण घेताना जन्माच्या सवयीने गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूला घातली. समोरून पिकअप ट्रक. त्याने वेळीच ब्रेक मारला, हॉर्न मात्र बराच वेळ वाजवला. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. घरी आल्यावर तो शांतपणे म्हणाला, ‘‘डावी बाजू तुझ्या डोक्यातून जाईपर्यंत थांबू या. इथे हेड-ऑन टक्कर होते यार, गंमत नाही.’’ मला वाटलं, थांबायचं म्हणजे महिनाभर. पुढची दोन वर्षं मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसून होते. विषय काढला की एकच उत्तर: गेली का डोक्यातून? आता हे मी कसं सांगणार? डोकं उघडून दाखवता येत नाही.

मग २००५ साली त्याच्या ऑफिसने त्याला कामासाठी बँकॉकला पाठवलं आणि मीही बरोबर गेले. पहिल्याच सकाळी टाय बांधता बांधता तो म्हणाला, ‘‘हॉटेलमध्येच आराम कर. वीकेंडला मी सगळं दाखवतो.’’ वीकेंडला मी नेतो, हे वाक्य ऐकायला मला विमानात बसून इतक्या लांब यायची गरज नव्हती. मला राग आला आणि त्या रागातच मी ठरवलं. इथला फुलबाजार मोठा आहे असं ऐकलं होतं. तिथे एकटीने बसने जायचं आणि एकटीने परत यायचं. हे जमलं, तर फ्रिस्कोला गेल्यावर गाडीची किल्ली मागायची. नाही जमलं, तर पुन्हा विषय काढायचा नाही.

रिसेप्शनवरच्या मुलीने नकाशावर खूण केली आणि बसचा नंबर लिहून दिला. बाजार हॉटेलमधून बाहेर पडलं की उजव्या हाताला, नदीकाठी. मी रस्ता न ओलांडता हॉटेलसमोरच्याच स्टॉपवर उभी राहिले. रस्ता ओसंडून वाहत होता: गुलाबी टॅक्सी, तीनचाकी टुकटुक, मोटरसायकलवर मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या ऑफिसातल्या बायका. कुठेतरी मिरच्या तेलात पडल्या होत्या आणि अख्खा स्टॉप ठसकत होता. त्या गर्दीत मला कोणी ‘सगळं ठीक आहे ना’ विचारलं नाही, याचं मला फार सुख वाटलं.

मी डावीकडे मान वळवून बसची वाट बघत होते. बस आली ती माझ्या पाठीमागून, उजवीकडून. नंबर बरोबर होता. चढले. कंडक्टरबाई सुट्या पैशांची पत्र्याची नळी खुळखुळ वाजवत आली, तिकीट दिलं. बस चालली, चालतच राहिली. नदी काही येईना. उंच इमारती संपल्या, गोदामं आली, मग मोकळे प्लॉट. शेवटी मी कंडक्टरबाईला नकाशा दाखवला. तिने नकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अंगठा मागे केला.

मी तिथेच उतरले. नवऱ्याला फोन करावा असं क्षणभर वाटलंही. पण नाक मुठीत धरून त्याला बोलवण्यापेक्षा मी चालत गेले असते. रस्ता ओलांडून समोरच्या स्टॉपवर उभी राहिले. गाड्या कुठून येतात ते नीट पाहिलं, आणि तिथे माझ्या लक्षात आलं. या देशात गाड्या डावीकडून चालतात, अगदी नागपूरसारख्या. आणि मी, नागपूरची, फ्रिस्कोच्या हिशेबाने बाजाराच्या उलट दिशेच्या स्टॉपवर उभी राहिले होते! भर उन्हात मी एकटीच हसत सुटले. शेजारची म्हातारी जरा सरकून उभी राहिली.

परतीची बस आमच्या हॉटेलवरूनच गेली. खिडकीतून ओळखीचं दार दिसलं. उतरले असते तर कुणाला काही कळलं नसतं. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसून राहिले.

फुलबाजारात झेंडूचे ढीग होते आणि मोगऱ्याचे हार. दोन वर्षांत मोगऱ्याचा वास घेतला नव्हता. एक छोटा हार घेऊन मी तिथेच केसांत माळला. विकणारी बाई चकित झाली, हात जोडून दाखवायला लागली की हा देवासाठी आहे. मीही हात जोडले, पण हार काढला नाही. आमच्याकडे देवाला आणि बाईला, दोघांनाही चालतो.

संध्याकाळी नवरा आला तो वासानेच थबकला. मी सगळं सांगितलं, उलटी बसही लपवली नाही. तो खो खो हसला. ‘‘पक्की अमेरिकन झालीस की तू. आपली डावी बाजूच विसरलीस?’’

‘‘विसरले,’’ मी म्हटलं. ‘‘गेली डोक्यातून. आता बोल.’’

त्याचं हसू अर्धवट राहिलं. ‘‘अगं, बस पकडणं वेगळं...’’

‘‘अट तुझीच होती.’’

जेवताना तो दोनदा माझ्याकडे पाहून पुन्हा ताटात बघू लागला.

फ्रिस्कोला परतल्यावर पहिल्याच शनिवारी किराणा आणायला निघालो. मी हात पुढे केला. त्याने किल्ली दिली, आणि सवयीने गाडीच्या डाव्या दाराशीच येऊन उभा राहिला.

‘‘तू तिकडे,’’ मी म्हटलं.

तो वळसा घालून माझ्या जागेवर बसला. मी आरसे लावले, गाडी हळूच बाहेर काढली आणि कोपऱ्यावर रस्त्याच्या उजव्या बाजूला वळवली. समोरून कुणीही हॉर्न वाजवला नाही. शेजारून मात्र धप्‌ धप्‌ आवाज येत होता. बघितलं तर तो उजवा पाय खालच्या कार्पेटवर पुन्हा पुन्हा दाबत होता, ब्रेक शोधत होता.

‘‘तिथे नसतो,’’ मी म्हटलं. ‘‘दोन वर्षं मीही शोधलाय.’’