हर्णैची अम्मी, उम्म अल कुवैनची मम्मा

अमिरातीतल्या उम्म अल कुवैनच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जुलेखा मुकादम बायकांना गाडी शिकवते. पंधरा वर्षांत तिच्या हाताखालून केरळच्या नर्सा गेल्या, फिलिपिनो ब्यूटीशियन गेल्या, आणि मुलांचा विरोध मोडून लायसन्स काढणाऱ्या साठीच्या दोन अरब आज्याही गेल्या. राउंडअबाउटच्या मधोमध गाडी बंद पाडून कुणी रडायला लागली, की जुलेखा पाण्याची बाटली पुढे करते. म्हणते, "रड हबीबती, पण आधी हँडब्रेक लाव."

अशी खमकी बाई. पण नणंद कुबरा महिनाभरासाठी येणार असं कळलं, त्या दिवशी तिच्या हातून दोनदा रिव्हर्सच्या जागी फर्स्ट गिअर पडला.

कारण होतं इनाया. नऊ वर्षांची, दात फाकलेली, कुरळ्या केसांचं जंगल डोक्यावर घेऊन फिरणारी. जुलेखाची लेक. आणि जन्म दिला होता कुबरानं.

लग्नाला अकरा वर्षं झाली तरी जुलेखाची कूस काही भरली नव्हती. चार वेळा आशा लागली आणि चारही वेळा गेली. नवरा खैरुद्दीन रुवैसच्या रिफायनरीत, पंधरा दिवसांनी घरी येणारा. घरी आला की दोघं टीव्हीचा आवाज मोठा करून बसत. त्या सुमारास हर्णैला त्याच्या धाकट्या बहिणीला, कुबराला, ध्यानीमनी नसताना चौथ्यांदा दिवस गेले. तिचा नवरा अहमद जहाजावर, पदरात तीन मुलं. तिनंच फोन केला. "भाभी, हे बाळ तुम्ही वाढवाल?"

जुलेखानं लगेच हो म्हटलं.

कुबराच्या अटी दोन. पोरीला खरं सांगायचं, आणि दर शुक्रवारी तिचा चेहरा दाखवायचा. रत्नागिरीच्या कोर्टातून पालकत्वाचे कागद झाले. आपल्या मुसलमानांत बापाचं नाव बदलत नाहीत, म्हणून पासपोर्टवर अहमदचंच नाव राहिलं. तीन महिन्यांची इनाया जुलेखाच्या छातीला बिलगून विमानात बसली.

फोनची अट जुलेखानं पाळली. खरं सांगायची मात्र नाही. इनाया बोलायला लागली तेव्हा स्क्रीनवरच्या कुबराकडे बोट दाखवून तिनं शिकवलं, "बोल, फुफ्फी." पप्पाची बहीण ती फुफ्फी, त्यात खोटं काय? खैरुद्दीन कुरकुरला. "मोठी झाली की सांगू," म्हणून तिनं त्याला गप्प केलं. पलीकडे कुबराला ते ऐकू जायचं.

इनाया पाच वर्षांची असताना व्हिसाचे फॉर्म भरायला दोघी टायपिंग सेंटरमध्ये गेल्या. टाइप करणाऱ्या माणसानं मोठ्यानं विचारलं, "फादर्स नेम अहमद?"

"नो!" इनाया टाचा उंचावून ओरडली. "माय फादर इज खैरुद्दीन!"

सगळी रांग हसली. जुलेखानं पोरीचा हात धरला. बाहेर येऊन ती गाडीत बसली, एसी लावला आणि पार्किंगमध्येच पोरीला सगळं सांगून टाकलं. कुणाच्या पोटातून आली, कुणी नाव ठेवलं, विमानात कशी सगळ्या रांगेला जागं ठेवत आली. इनाया सीटबेल्टशी चाळा करत राहिली.

"सो फुफ्फी इज माय अम्मी?"

"हो."

"अँड यू आर स्टिल मम्मा?"

"मग! मी कुठं जाते?"

"ओके. कॅन वी गेट शवर्मा?"

त्याच संध्याकाळी जुलेखानं कुबराला फोन करून कबुली दिली आणि माफी मागितली. कुबरा एवढंच म्हणाली, "भाभी, मला वाटलं होतं तुम्ही कधीच सांगणार नाही. आज मी पोटभर जेवेन." तेव्हापासून शुक्रवारचा फोन जुलेखानं आवरता घेणं सोडलं. पोरीला हर्णैला न्यायचं मात्र ती दर सुट्टीत टाळत आली. फोन वेगळा, आणि बाई दारात येऊन उभी राहणं वेगळं.

विमानतळावर कुबरा बाहेर आली ती सुकट, कोकम आणि फणसपोळीचं खोकं ढकलत. इनाया धावत गेली आणि दोन पावलांवर थबकली. मग तिनं अम्मीच्या ओढणीखालून सुटलेली एक बट बोटावर गुंडाळून पाहिली. "मम्मा, लुक! शी हॅज माय हेअर!"

त्या केसांपुढे जुलेखानं नऊ वर्षं हात टेकले होते. रोज सकाळी शाळेआधी कंगवा, किंचाळ्या आणि तुटलेले दात, कंगव्याचे. कुबरानं दुसऱ्याच दिवशी कंगवा बाजूला ठेवला. केस ओले केले, खोबरेल चोळलं आणि बोटांनीच एकेक गुंता सोडवत पाच मिनिटांत वेणी घातली. पोरगी हूं की चूं न करता कार्टून बघत होती. जुलेखाला क्षणभर वाटलं, आपण इतकी वर्षं दुसऱ्याचं पोर ओरबाडत बसलो. मग ती कुबराच्या शेजारी जमिनीवर बसली. "मला शिकव."

"कोरड्या केसांना हात लावायचा नाही, भाभी. हा आमच्या घराण्याचा नियम."

खैरुद्दीन रुवैसहून आला तेव्हा तिघी एकमेकींच्या वेण्या घालत ओळीनं बसलेल्या होत्या. "सलून उघडलंय काय?" म्हणत तो बॅग टाकून सरळ चहा करायला गेला.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी, जुलेखा स्वयंपाकघरात सुरमईला मसाला लावत होती. बाहेरून इनायाचा आवाज आला. या वेळी चक्क मराठीत, म्हणजे प्रश्न अम्मीला पक्का कळावा म्हणून.

"अम्मी, फहदभाईला ठेवलं, दोन्ही आपांना ठेवलं. मला का दिलं?"

जुलेखाचे मसाल्याचे हात हवेतच राहिले. बाहेर जावं की न जावं?

कुबरा म्हणाली, "तुझ्या मम्माला बाळ हवं होतं, आणि माझ्यात चौथ्यांदा रात्री जागायची ताकद नव्हती. दोन्ही खरं. तू नकोशी होतीस असं एक दिवसही नाही."

"यू मिस्ड मी?"

"तू गेल्यावर महिनाभर मी रडत होते. एकदा तर फोन उचलला, म्हटलं, भाभीला सांगते, आणा माझी पोर परत."

जुलेखाला हे माहीत नव्हतं.

"मग?"

"मग तुझ्या पप्पांनी फोन तुझ्या तोंडाजवळ धरला. तू नुकतीच दूध प्यायली होतीस. अशी ढेकर दिलीस, अशी, की इकडे जहाजावरून सुट्टीवर आलेले तुझे अब्बा दचकून उठले! मी म्हटलं, पोट भरलंय पोरीचं. खलास. फोन ठेवला."

इनाया खिदळत सोफ्यावरून खाली पडली. "डू इट अगेन! कशी दिली?" कुबरानं आवाज काढून दाखवला. मग दोघींची स्पर्धाच लागली. जुलेखा मसाल्याच्या हातांनी बाहेर आली. दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बोलायचं पुष्कळ होतं, पण जुलेखा म्हणाली, "तिला आणखी असलं शिकवू नकोस," आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मसाला झोंबल्याचं निमित्त होतंच.

शाळेत पालकसभेला तिघी गेल्या. टेबलापुढे खुर्च्या दोन. समुपदेशक नबिला मिसनं तिसरी ओढून आणली आणि विचारलं, "मदर कौन?"

"बोथ," इनाया म्हणाली, जसं काही हे विचारायचं असतं!

नबिला मिसनं हिंदीत समजावून सांगितलं, की याला ओपन अडॉप्शन म्हणतात. मुलापासून काही लपवायचं नाही, जन्मदात्यांशी नातं राखायचं. मूल विचारेल तेवढं सांगायचं, आणि कुणावर जास्त प्रेम आहे हे मात्र त्याला कधी विचारायचं नाही.

कुबरानं सगळं लक्ष देऊन ऐकलं. "मिस, हमारे में इसको कुछ नाम नहीं है," ती म्हणाली. "घर का घर में है."

शेवटच्या आठवड्यात जुलेखानं स्वतःहून विषय काढला. उन्हाळ्याच्या सुट्टीत या वेळी सगळ्यांनी हर्णैला यायचं, पण तिला आणि खैरुद्दीनला रजा उशिराच मिळायची. इनायाला पंधरा दिवस आधी, एकटीला हर्णैला पाठवलं तर? कुबरानं विचारलं, "भाभी, तुम्हाला राहवेल?"

"नाही राहवणार. म्हणून तर पंधराच दिवस."

जुलैत इनाया विमान कंपनीच्या बाईचा हात धरून गेली. पहिले दोन दिवस जुलेखानं शिकाऊ बायकांना विनाकारण झापलं. तिसऱ्या दिवशी तिनं न राहवून शिकवता शिकवता गाडी कडेला थांबवायला लावली आणि व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर चिखलानं माखलेलं एक तोंड उगवलं. मागे फहद आणि दोन्ही बहिणी आरडाओरडा करत होते.

"मम्मा, कान्ट टॉक! फहदभाई फाउंड अ ह्यूज क्रॅब!"

"केस ओले करूनच विंचर हं!"

"अम्मी नोज, मम्मा! बाय!"

फोन बंद झाला. शेजारच्या सीटवरची नवी शिकाऊ बाई स्टिअरिंग घट्ट धरून बसली होती. तिनं भीतभीत विचारलं, "मॅडम, सब ठीक?"

"एकदम ठीक," जुलेखा हसून म्हणाली. "यल्ला, इंडिकेटर दे आणि निघ."