लिफ्टमध्ये चिकटवलेला नंबर

सकाळपासून हा तिसावा-एकतिसावा फोन असेल. एक बाई मला चोर म्हणत होत्या. बिल भरा, नाहीतर आज वीज कापतो, अशी धमकी मी त्यांना दिली म्हणे. मी लिफ्ट दुरुस्त करतो, वीज कापत नाही, असं ओरडून सांगितलं आणि फोन ठेवला.

माझ्या नंबरचं स्पूफिंग झालं होतं. म्हणजे भामटा कॉल कुठूनही करतो, पण समोरच्याच्या स्क्रीनवर नंबर दुसऱ्याचा दिसतो. इथे माझा. चिडलेली माणसं उलट फोन लावायची, तो मला यायचा. माझ्या सिमवरून असा एकही कॉल गेला नव्हता.

मुलुंड ते घाटकोपर साठेक सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये हा नंबर चिकटवलेला आहे. आत अडकलेला माणूस तोच लावतो. मोबाइल कंपनीच्या दुकानातली मुलगी म्हणाली, "सर, नंबर बदलून घ्या ना."

"साठ लिफ्टमध्ये स्टिकर लावायला तू येतेस?"

तिने तक्रार लिहून घेतली.

दुपारी असाच एकाशी भांडत असताना अनोळखी नंबरचा मिस्ड कॉल पडला. उलट लावला, लगेच कट. पुन्हा लावला, पुन्हा कट. आणखी एक शिव्या घालणारा असेल म्हणून सोडून दिला. ती चूक माझी.

पाऊण तासाने नाहूरच्या एका सोसायटीचा वॉचमन फोनवर आला. परबकाकू लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. मघाचा कॉल त्यांचाच, मी उलट लावेन म्हणून त्या वाट बघत होत्या. त्यांना डायबेटिस आहे, जेवण राहिलं होतं. मी धावत गेलो, मशीनरूममध्ये ब्रेक सोडून लिफ्ट हाताने मजल्यावर आणली. काकू घामाने भिजल्या होत्या, पायरीवरच बसल्या. साखर खाल्ल्यावर बोलल्या.

"मेल्या, फोन करूक काय झाला तुका?"

"दोनदा केला, काकू. तुमचा फोन बघू."

माझा नंबर ब्लॉक होता. सकाळीच सेक्रेटरी सावंतांनी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं होतं, हा नंबर फ्रॉड आहे, सगळ्यांनी ब्लॉक करा. ते तिथे गर्दीतच उभे होते.

"सावंत, नऊ वर्षं तुमच्या लिफ्टमध्ये आहे तो नंबर."

"मला मेसेज आला, मी पुढे पाठवला. तू एवढा तापतोस कशाला यार?"

तिथेच उभ्या उभ्या ग्रुपवर खुलासा टाका म्हटलं. ते म्हणाले, कमिटीत ठरवू. अजून ठरलेलं नाही.

आठ दिवसांनी कॉल आपोआप थांबले. भामट्यांनी दुसऱ्या कोणाचा तरी नंबर धरला असणार. कंपनीचा मेसेज आला, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. वर्ष संपल्यावर सावंतांनी मेंटेनन्सचं कंत्राट दुसऱ्याला दिलं. कारण लिहिलं, फोन लागत नाही.

आता कंत्राट वाढवायला बसलो की मी आधी समोरच्या सेक्रेटरीला माझ्या मोबाइलवरून फोन लावतो. टेबलावर त्याचा फोन वाजला, तरच दराचं बोलतो.