अंगणात सुकणारी होडी

आज सकाळी माझ्या होडीच्या तळातून ऊन आरपार आलं आणि माझं डोकं फिरलं. चांगलंच फिरलं! तीन वर्षं मी ही होडी अंगणात बांधतोय. दर उन्हाळ्यात फळ्यांमध्ये फटी पडतात, मी त्या कापूस आणि राळ भरून बुजवतो आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या पुन्हा दात काढून मला हसतात. मी हातोडी भिरकावली. ती कोंबड्यांच्या खुराड्यावर आदळली आणि तिकडे एकच कल्ला झाला.

"अहो, यंदा ती पाण्यात गेली नाही, तर माझ्या बंबात जाईल," बायकोने ओसरीवरून बजावलं.

कुंपणापलीकडे जाळं विणत बसलेला शेजारी भिकू खदखदून हसला. "भाऊ, लाकूड सुकलं की आकसणारच. सोडा पाण्यात! दोन दिवस गळेल, मग फुगून फटी आपोआप मिटतील."

"गळकी होडी पाण्यात सोडू?"

"मग काय, अंगणात तरंगवणार?"

माझा भयंकर संताप झाला, कारण त्याचं खरं होतं. माझा थोरल्या भावाशी अबोला आहे; त्याच्याशी बोलायचंय, तेही मी किती वर्षं असंच कोरड्यात बसून मनात घोटतोय. आधी एकही फट नको, मग पाणी!

दुपारच्या भरतीला आम्ही तिघांनी होडी खाडीत ढकलली. ती लगेच गळू लागली. घोटाभर पाण्यात बसून मी भिकूला, लाकडाला आणि स्वतःला शिव्या घालत राहिलो, पण उतरलो नाही.