सिंधूचे कान

पस्तीस सालची गोष्ट. शहाद्याकडच्या धनुबाईच्या तान्ह्या सिंधूचे दोन्ही कान पुन्हा पुन्हा फुटत. लसणाचं तेल झालं, डॉक्टरची पिचकारीही झाली. जावळाला पाहुणे येणार, वास नको, म्हणून सासूने घरच्या कापसाचे बोळे कानांत घट्ट कोंबले. पू आत कोंडला. पोर तापाने फणफणून किंचाळू लागली.

“माय, बोळा काढू दे!” धनुबाईने सासूला विनवलं.

“पाहुणा जाऊ दे. लोके काय म्हनतीन?”

“लोकेस्ना कान चांगला शेतस, मन्ही पोरना जाई ऱ्हायनात!”

लोकांचे कान शाबूत आहेत, जाताहेत ते माझ्या पोरीचे, असं म्हणत धनुबाईने चारचौघांत बोळे उपसले. लुगड्यावर पू सांडला. सिंधू शांत झाली, टक्क बघत पडून राहिली. धनुबाईने तिच्या डोक्यामागे थाळी वाजवली. पोर हललीच नाही. जोरात वाजवली. सगळे पाहुणे वळून पाहू लागले. ती वाजवतच राहिली.