सारजाआक्काचा प्रश्न

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेतसुद्धा आडूनच बोलले — "माझी पापं तुला ठाऊक आहेत" असं म्हटलं की पापाचं नाव घ्यावं लागत नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही समोर बसलेले नाही, म्हणून जमेल कदाचित.

माझी शाळा चौथीपर्यंत. आमचं गाव परतूरपासून दोन कोसांवर. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं गावाबाहेर, नाल्याच्या कडेला, सगळी मिळून पंधरा-सोळा. गावाबाहेर का, ते सांगायला नको. बायकांत वाचता येणारी मी एकटी, म्हणून दर गुरुवारी दुपारी लिंबाखाली बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. वय तेवीस-चोवीस, काखेत पोरगी, आणि डोक्यात हवा.

जालन्याहून मिशनच्या मडमसाहेब वर्षातून दोनदा यायच्या. त्यांनी रीत घालून दिली होती. आधी वाचायचं, मग प्रश्न विचारायचे, बरोबर उत्तर देईल तिला रंगीत चित्राचं कार्ड द्यायचं. विलायतेहून यायची ती कार्डं. मेंढरं, होडी, निळं पाणी. बायका ती भिंतीला चिकटवायच्या. आणि मी विचारायची काय? मेंढरं किती होती? शंभर. हरवलं किती? एक. हे घे कार्ड. मडमसाहेबांनी एकदा ते ऐकलं आणि त्यांच्या त्या पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "हे प्रश्न नव्हेत, ही मोजणी आहे. ज्याचे उत्तर तुलाही ठाऊक नाही असा प्रश्न तू शोध." मला राग आला. मलाच उत्तर येत नसेल तर बायका मला कशाला मानतील?

आता सारजाआक्का. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, समोरच्या घरातली. अक्षराची ओळख नाही. तिला कधी कार्ड मिळालं नाही, कारण ती उत्तर द्यायच्या ऐवजी उलट विचारायची. मेंढपाळ हरवलेल्या मेंढराच्या मागं गेला तर बाकीच्यांना राखायला कोण होतं — असं. मला वाटायचं, ही मुद्दाम मला अडवते. ती मुद्दाम काही करत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं असायचं.

तिला एकच पोरगा. बापाशी भांडला, घरातली शेळी विकली आणि हैदराबादेला पळाला. दोन वर्षांनी परत आला. उन्हाळ्यातली सकाळ होती. बाप खंडू दारात उभा राहिला, आडवा, आणि म्हणाला, "कोन तू? म्या न्हाई वळखत." पोरगा थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. पण सारजाआक्का त्या वेळी आत चुलीपाशी होती, हे कुणी बोलत नव्हतं. मी समोरच होते. मी पाहिलं. छपरातून धूर निघत होता, भाकरी थापल्याचा आवाज येत होता — मग तो आवाज थांबला. बाई बाहेर आली नाही.

हे लक्षात ठेवा. मला हे माहीत होतं.

त्यानंतर वर्षभराने एका गुरुवारी उधळ्या पुत्राचा दाखला आला. मी वाचला — पैसा उधळून डुकरं राखायची पाळी आलेला धाकटा पोरगा घरी येतो, बाप पळत जाऊन त्याला मिठी मारतो आणि वासरू कापून जेवण घालतो. धाकट्यानं डुकरांपाशी काय खाल्लं? शेंगा. बरोबर. तेवढ्यात सारजाआक्का म्हणाली, "बाप पळत गेला म्हंतीस. मंग त्याची माय कुठं व्हती?"

मी पुस्तकात पाहिलं. माय पुस्तकात नव्हती. पण ती काय विचारते आहे, ते मला कळलं होतं. तरुण होते, समज नव्हती, असं मी म्हणणार नाही. समज होती. आणि उत्तर नव्हतं. तेव्हा मी काय केलं? म्हणाले, "वासरू कापलं व्हतं ना आक्का? मंग मसाला कोन वाटंल — तुमचा खंडूभाऊ?"

बायकांना हसू फुटलं. एक म्हणाली, "आन् गावजेवनाच्या भाकरी? माय तर जात्यावरच मेली असंल!" पुन्हा हसणं. सारजाआक्काही हसली, पदर तोंडाला लावून. मी वर तिला बजावलं, पुस्तकात न्हाई ते विचारू नये. आणि शेंगा म्हणणारीला कार्ड दिलं.

एवढंच असतं तर मी आज लिहायला बसले नसते. जीभ तिखट होती, आजही आहे. पण एवढंच नाही.

त्याच वर्षी परतूरच्या बाजूला एक बायबलबाई नेमायची ठरली. गावोगाव जाऊन बायकांना शास्त्र सांगायचं काम. ज्या गावात आम्हाला विहिरीपासून लांब उभं राहावं लागे, त्या गावात लोक "बाई आल्या" म्हणतील — मला ते हवं होतं. फार हवं होतं. तिघीजणींना जालन्याला बोलावलं, प्रत्येकीनं मिशनच्या देवळात तिथल्या बायकांचा एक पाठ घेऊन दाखवायचा. माझी पोरगी तेव्हा तापाने किरकिर करत होती. तिला दोन दिवस कुणी सांभाळलं? सारजाआक्कानं. मला म्हणाली, "जा तू बिनघोर. माझ्यापाशी बराबर राहती ती." परतूरहून गाडीत बसले तेव्हा मी पाठ ठरवलेला होता.

पाठ निवडायची मोकळीक होती. मी उधळ्या पुत्राचा घेतला. वाचून झाल्यावर पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "बाप धावत गेला. मग त्याची आई कुठे होती?"

मग मिशनच्या दवाखान्यातली एक म्हातारी दाई रडायला लागली. मग एक बाई बोलली, मग दुसरी. कुणी म्हणालं, आई मेली असेल. कुणी म्हणालं, तिला बाहेर यायची परवानगी नसेल. जेवणाची घंटा झाली तरी बायका उठेनात. बाकी दोघींचे पाठ कुणाच्या ध्यानातही राहिले नाहीत.

मडमसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "हा प्रश्न तुला कुठून मिळाला?"

इथे मी थांबते आहे. पन्नास वर्षं इथेच थांबत आले.

मी म्हणाले, "प्रार्थनेत सुचला."

देवाचं नाव घेऊन, देवळात उभी राहून. आमच्या सारजाआक्कानं विचारला होता, असं म्हटलं असतं तर काय झालं असतं? काम कदाचित तरीही मिळालं असतं. पण मडमसाहेब म्हणाल्या असत्या, त्या बाईंना घेऊन ये. मला तेच नको होतं.

मला नेमलं. घरी आले तर पोरीचा ताप उतरला होता. सारजाआक्कानं तिला मांडीवर घेतलं होतं. नेमणूक ऐकून तिनं घरोघर गूळ वाटला. मी तोही खाल्ला.

हिवाळ्यात मडमसाहेब आमच्या वस्तीवर आल्या. लिंबाखाली बायका जमल्या. मडमसाहेब कौतुकाने म्हणाल्या, "जालन्याला विचारलास तो आईचा प्रश्न इथेही विचार. मला पुन्हा ऐकायचा आहे." काय करणार होते मी? बोलायची ती वेळ होती, सगळ्यांसमोर, सोपी वेळ. मी प्रश्न विचारला. सारजाआक्काकडे न बघता विचारला.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांना आठवत होतं. कुणी बोललं नाही, कारण मी आता बाई होते. मग सारजाआक्का म्हणाली, "आत व्हती माय. समदं आयकून राह्यली व्हती. भायेर आली न्हाई." आणि मग, मडमसाहेबांना नाही, मला — "मंग तिचं पुढं काय व्हतं, बाई?"

ती मला बाई म्हणाली. त्याआधी ती मला पोरी म्हणायची.

मडमसाहेब "फार सुंदर उत्तर" म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तिला कार्ड दिलं. तिचं पहिलं कार्ड. त्यावर बाप होता, पोरगा होता, मागे घर होतं. घराचं दार उघडं होतं आणि दारात कुणी नव्हतं. सारजाआक्कानं ते पुष्कळ वेळ पाहिलं, मग कनवटीला लावलं.

निजामाचं राज्य गेलं त्या साली ती वारली. तोवर एकही गुरुवार चुकली नाही. येऊन मागे बसायची. पुन्हा काही विचारलं नाही. मी समोरच्या घरात राहत होते, रोज तिचा धूर दिसत होता. पंचवीस पावलं चालून जाऊन चुलीपाशी बसायचं, मलाही ठाऊक नाही आक्का, एवढंच म्हणायचं — तेही मी केलं नाही. पोरगा पुन्हा आला नाही.

त्या एका प्रश्नावर माझं नाव झालं. पुढे बायकांना पाठ घ्यायला शिकवायचं काम मिळालं, ते म्हातारपणापर्यंत केलं. आजही पोरी वह्या घेऊन येतात. प्रश्न कसा विचारावा, मावशी? मी सांगते, उत्तर ठाऊक नसलेला विचारावा, ऐकणारीला हसू नये, गप्प बसून वाट पाहावी. सगळं बरोबर सांगते. मागच्या गुरुवारी एकीनं विचारलं, तो आईचा प्रश्न तुम्हाला कसा सुचला?

प्रार्थनेत, मी म्हणाले. तिनं ते लिहून घेतलं.